फुग्यातली बोली

‘पाहिजे’ हा शब्द एकदा घाईत, रोजच्या बोलण्यात म्हणून बघा. पुण्यात किंवा ठाण्यात वाढलेले, शिकलेले, व्याख्यानं देणारे लोकसुद्धा घरात ‘पायजे’ म्हणतात. ‘नाही’चं ‘नाय’ किंवा ‘नै’ होतं, ‘काहीतरी’चं ‘कायतरी’ होतं. पण हेच लोक चित्रकथेत आले की त्यांच्या तोंडाजवळच्या फुग्यात ‘पाहिजे’, ‘नाही’, ‘काहीतरी’ असं नीट छापलं जातं. त्याच पानावर भांडी घासणारी बाई आली, रिक्षावाला आला, गावाकडचा काका आला, की फुग्यात ‘पायजे’ अवतरतो. उच्चार दोघांचा एकच असतो. लेखकाने एकाचं बोलणं शुद्धलेखनाच्या नियमांनी झाकलं आणि दुसऱ्याचं उघडं ठेवलं.

चित्रकथेत माणसांची विविधता कशी आणायची आणि त्यांच्या तोंडी कोणती बोली घालायची, हा प्रश्न मला इथून सुरू होतो असं वाटतं. बोली वापरावी की नाही हा मुद्दा नंतरचा. आधी हे बघावं की पानावर कोणाचं बोलणं ‘साधं’ म्हणून सोडलं आहे आणि कोणाच्या बोलण्याकडे बोट दाखवलं आहे.

कादंबरीकाराला इथे बरीच सवलत असते. ‘तो वऱ्हाडी ढंगात म्हणाला’ असं एकदा लिहून तो पुढे जाऊ शकतो. नाटकात नट असतो, त्याचा हेल असतो. चित्रकथेत आवाज नाही, निवेदन तुटपुंजं, आणि फुगा एवढासा: वीस-पंचवीस शब्द झाले की चित्र झाकलं जातं. त्यामुळे अक्षर हाच आवाज होतो. एका शब्दाचं वेगळं लेखन डोळ्यांना पात्राच्या पोशाखाइतकं ठळक दिसतं. म्हणून फुग्यात बोली घालणाऱ्याने ती पोशाख निवडण्याइतकीच जबाबदारीने निवडायला हवी.

ही जबाबदारी न घेतल्यास काय होतं, याचं सर्वांना माहीत असलेलं उदाहरण बेल्जियमचं आहे. टिनटिनचा निर्माता एर्जे याने १९३० ते ३१ या काळात ‘टिनटिन काँगोमध्ये’ ही कथा क्रमशः प्रसिद्ध केली. तो काँगोला कधी गेला नव्हता. त्याने काढलेले काँगोचे लोक जाड ओठांचे, गोल डोळ्यांचे आणि एकसारखे एक आहेत. पण चित्रांपेक्षा मला त्यांची भाषा जास्त अस्वस्थ करते. ते मोडक्यातोडक्या फ्रेंचमध्ये बोलतात. टिनटिनशी बोलताना बोलले असते तर परकी भाषा म्हणून सोडून देता आलं असतं, पण कथेच्या शेवटी गावकरी आपापसात बोलतात तेव्हाही तीच मोडकी फ्रेंच आहे. आपल्या गावात, आपल्या माणसांशी, आपल्या भाषेत बोलणारा माणूस अडखळेल कसा? त्या लोकांना स्वतःची पूर्ण भाषा असेल हेच लेखकाच्या मनात आलेलं नाही. १९४६ साली रंगीत आवृत्ती काढताना एर्जेने काही भाग बदलले. वर्गात बेल्जियमला ‘तुमचा देश’ म्हणून शिकवण्याचा प्रसंग होता, तिथे गणिताचा तास आला. भाषा मात्र मोडकीच राहिली.

याच एर्जेच्या हातून चार वर्षांत ‘ब्लू लोटस’ घडलं. टिनटिनला चीनला पाठवायचं ठरल्यावर, विद्यापीठातल्या चिनी विद्यार्थ्यांची काळजी वाहणाऱ्या एका पाद्र्याने त्याला पत्र लिहून सांगितलं, की आधी नीट माहिती घ्या. १९३४ मध्ये त्याची गाठ ब्रुसेल्सच्या कला अकादमीत शिकणाऱ्या चांग चोंग-जेनशी पडली. चांगने त्याला चिनी चित्रकला, रस्ते, घरं, पोशाख समजावून दिले आणि पानांवरच्या भिंतींवर दिसणाऱ्या चिनी पाट्या स्वतः लिहून दिल्या. त्या पाट्या खऱ्या, वाचता येतील अशा आहेत. त्यातल्या काहींवर जपानी आक्रमणाविरुद्धच्या घोषणाही आहेत. कथेत चांग नावाचाच मुलगा आहे. टिनटिन त्याला पुरातून वाचवतो, आणि मग युरोपातले लोक चिन्यांबद्दल काय काय खुळ्या कल्पना बाळगतात हे ऐकून तो मुलगा खळखळून हसतो. परक्या मुलाला आपल्यावर हसू देणं ही त्या काळात मोठी गोष्ट होती.

पण याच पुस्तकातले जपानी खलनायक पाहा. पुढे आलेले दात, डुकरासारखी नाकं. चांगमुळे चिनी माणसं माणसं झाली, जपान्यांसाठी असं कोणी नव्हतं, आणि चांगच्या देशावर तर जपानने हल्ला केलेला होता. एका समाजाचा एक सल्लागार मिळाला म्हणजे काम संपलं, असं होत नाही. त्याच्याबरोबर त्याचा राग आणि त्याचे आंधळे कोपरेही आपल्याकडे येतात. प्रत्येक नव्या पात्रासाठी नव्याने विचारावं लागतं.

भाषेचा हा गुंता सर्वांत सुंदर सोडवला तो आर्ट स्पीगलमनने ‘माऊस’मध्ये. पहिला भाग १९८६ चा, दुसरा १९९१ चा. १९९२ साली या पुस्तकाला विशेष पुलित्झर मिळालं. स्पीगलमनचे वडील व्लादेक पोलंडमधले ज्यू, छळछावणीतून वाचून अमेरिकेत आलेले. मुलाने त्यांच्या आठवणी टेपवर घेतल्या. न्यूयॉर्कमधल्या घरात म्हातारे व्लादेक बोलतात तेव्हा त्यांची इंग्रजी उलटसुलट आहे, शब्दांचा क्रम पोलिश-यिडिश वळणाचा आहे. मुलाने ती सुधारलेली नाही. पण कथा पोलंडमध्ये शिरते आणि तरुण व्लादेक आपल्या बायकोशी, मित्रांशी, सासऱ्यांशी बोलू लागतात, तेव्हा फुग्यातली इंग्रजी एकदम सरळ, वाहती होते. कारण तिथे ते आपल्याच भाषेत बोलत आहेत. वाचकाला कोणी हे समजावून सांगत नाही. पानं उलटता उलटता त्याच्या लक्षात येतं, की हा चिडका, अडखळणारा म्हातारा आपल्या भाषेत किती हुशार, देखणा आणि हजरजबाबी होता. परदेशात येऊन माणूस काय गमावतो, हे त्या व्याकरणातल्या बदलाने सांगितलं आहे.

मराठी चित्रकथाकाराने ही एक युक्ती उचलली तरी बरंच भागेल. मेळघाटातला कोरकू माणूस किंवा भामरागडचा माडिया माणूस आपल्याकडच्या गोष्टींत आला की त्याच्या तोंडी हमखास तुटक मराठी घातली जाते: ‘मी जंगल जाते’, ‘साहेब लई मोठा’. कोरकू ही मुंडा कुळातली भाषा, गोंडी आणि माडिया द्राविडी कुळातल्या. त्या मराठीच्या बिघडलेल्या आवृत्त्या नाहीत, त्या मराठीच्या नात्यातल्याही नाहीत. तो माणूस घरी बोलतो तेव्हा पूर्ण वाक्यात बोलतो, टोमणे मारतो, कोडी घालतो. तर मग त्याच्या घरातल्या फुग्यात छान, ओघवती मराठी लिहा आणि ही दुसरी भाषा आहे हे कळण्यासाठी अक्षराचं वळण बदला किंवा फुग्याला वेगळी कड द्या. ‘ॲस्टेरिक्स’ या फ्रेंच चित्रकथेत गॉथ लोकांचे फुगे जुन्या जर्मन वळणाच्या अक्षरात असतात आणि इजिप्तचे लोक चित्रलिपीत बोलतात. वाचकाला ‘भाषा बदलली’ हे क्षणात कळतं, कोणाची वाक्यं मोडावी लागत नाहीत. एवढंच बघायचं की आदिवासी माणसासाठी निवडलेलं वळण ओबडधोबड, कोळशाने खरडल्यासारखं नसावं. तोच माणूस तहसील कचेरीत साहेबाशी मराठीत बोलताना अडखळला, तर ते अडखळणं खरं असेल आणि वाचक त्याच्या बाजूने असेल, कारण त्याने त्याला घरी ऐकलेलं आहे.

सिनेमात नागराज मंजुळे यांनी हे करून दाखवलं. ‘फँड्री’मधल्या नायकाचं, जब्याचं, कुटुंब घरात कैकाडी बोलतं आणि गावात मराठी. चित्रपटाचं नावच कैकाडी आहे, डुक्कर या अर्थाचं. महाराष्ट्रभरच्या प्रेक्षकांनी ते नाव जसंच्या तसं स्वीकारलं. वाचकाला समजणार नाही, ही भीती आपण उगाच बाळगतो.

आता मराठीच्या बोलींकडे येतो, कारण सर्वांत जास्त चुका तिथेच होतात आणि त्या होऊ नयेत असं मला मनापासून वाटतं. बोली म्हणजे काही शब्दांना हेल देणं नाही. तिला व्याकरण आहे आणि ते प्रमाण मराठीइतकंच काटेकोर आहे. वऱ्हाडीत ‘मला, तुला’ नाही, ‘मले, तुले’ आहे. ‘ळ’चा ‘य’ होतो: डोळा डोया, शाळा शाया. चालू असलेली क्रिया ‘करून राह्यला’, ‘येऊन राह्यली’ अशी येते. ‘पाऊस येईल’ ऐवजी ‘पाऊस येईन’ म्हणतात, आणि इथे ‘मी येईन’ मधला ‘येईन’ समजून मुद्रितशोधक ते बदलून टाकतो. ‘येजो’, ‘जेवून घेजो’, ‘सांगजो’ ही रूपं तर फारच गोड आहेत. ती साधी आज्ञा नाहीत, ‘पुढे, सवडीने, आठवणीने कर’ असं त्यात आहे. प्रमाण मराठीत एवढ्या छोट्या रूपात हे सांगताच येत नाही. ज्या लेखकाला वऱ्हाडी म्हणजे ‘काय बे’ एवढंच ठाऊक आहे, त्याच्या हातून हा सगळा ऐवज सुटतो आणि उरतं ते फक्त ‘बे’.

कोल्हापूरकडचं एक उदाहरण मी नेहमी देतो. त्या भागातल्या अनेक बायका स्वतःबद्दल बोलताना ‘मी आलो’, ‘मी जातो’, ‘मी चहा ठेवतो’ असं म्हणतात. पुण्यामुंबईच्या संपादकाला ही छापण्यातली चूक वाटते. तो ‘आलो’चं ‘आले’ करतो आणि त्या बाईच्या तोंडातला सगळा भाग, तिचं माहेर, तिचा बाणा एका मात्रेत पुसला जातो. उलट बाजूने, बोली ऐकून अर्धवट माहीत असलेला लेखक ‘लई’, ‘न्हाई’, ‘हाय’ यांची पेरणी करतो आणि मूळ वाक्याची घडण पुणेरीच ठेवतो. असं बोलणं महाराष्ट्रात कुठेच कोणी बोलत नाही. रंगभूमीवरच्या या ‘गावठी’ भाषेला कोणतंही गाव नाही. सांगोल्याचा, सिन्नरचा आणि सावंतवाडीचा माणूस एकाच भाषेत बोलतो, असं ती मुलांना शिकवते.

मालवणीत ‘मला’ हे ‘माका’ होतं, ‘कुठे’चं ‘खय’, बाजाराला जायचं तर ‘बाजाराक’. अहिराणीत ‘माझा भाऊ’ हा ‘मना भाऊ’ असतो आणि ‘आहे’ च्या जागी ‘शे’ येतं. खानदेशातली सगळी बोली अहिराणी नाही, हेही लक्षात ठेवायला हवं. बहिणाबाई चौधरींची भाषा अहिराणी असल्याचं सर्रास लिहिलं जातं, पण ती जळगाव भागातली लेवा गणबोली आहे. विदर्भातही पूर्वेकडे, भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडे गेलात की वऱ्हाडी मागे पडते आणि झाडीबोली सुरू होते. पात्र रंगवायच्या आधी त्याचा जिल्हा नव्हे, तालुका ठरवा. तालुका ठरला की अर्धी भाषा आपोआप ठरते, आणि पोशाख, घराचं छप्पर, ताटातली भाकरी ज्वारीची की तांदळाची, हेही ठरतं.

धर्मावरून किंवा जातीवरून बोली ठरवणं हा असाच एक जुना रोग आहे. चित्रकथेतला मुसलमान फळवाला ‘हम देता है, तुम लेता है’ असं काहीतरी बोलतो. कोकणातली कितीतरी मुसलमान घरं पिढ्यान्‌पिढ्या कोकणी वळणाची मराठी बोलतात, आणि सोलापूर-मराठवाड्याकडची दखनी ही कित्येक शतकांचं साहित्य असलेली भाषा आहे. त्या फळवाल्याचं गाव ठरवलंत तर त्याची भाषा सापडेल, धर्म विचारून सापडणार नाही.

मग बोली कोणाला द्यायची? आपल्या रंगभूमीवर मालवणीला मान मिळवून दिला तो गंगाराम गवाणकरांच्या ‘वस्त्रहरण’ने. मच्छिंद्र कांबळींनी ते नाटक हजारो प्रयोगांपर्यंत नेलं आणि आपली भाषा मुंबईच्या नाट्यगृहात ऐकून मालवणी माणसाची छाती भरून आली. तो आनंद खरा होता. पण त्यानंतर मराठी प्रेक्षकाच्या मनात मालवणी आणि विनोद यांची गाठ इतकी घट्ट बसली, की मालवणीत कोणी रडू लागलं तरी लोक हसायला तयार बसतात. याच्या शेजारी उद्धव शेळक्यांची ‘धग’ ठेवून बघा. १९६० सालची ही कादंबरी. तिच्यातली कौतिक वऱ्हाडी बोलते आणि घर सावरता सावरता मोडून पडते. तिच्या बोलण्यावर हसावंसं कोणालाही वाटत नाही. बोली हसरी किंवा रडवी नसते. ती कोणत्या प्रसंगात, कोणाच्या तोंडी येते यावर सगळं अवलंबून असतं.

म्हणून माझं म्हणणं असं, की चित्रकथेत बोली आणायची तर ती विनोदी साथीदारापुरती आणू नका. अहिराणी बोलणारी शास्त्रज्ञ काढा. मालवणीत विचार करणारा न्यायाधीश काढा, जो निकाल प्रमाण मराठीत देतो आणि घरी आईशी ‘गे आये’ म्हणून बोलतो. मनातले विचार दाखवणारा ढगाच्या आकाराचा फुगा तर बोलीसाठीच बनला आहे असं मला वाटतं. माणूस चारचौघांत जी भाषा बोलतो ती अनेकदा कमावलेली असते, मनात जी बोलतो ती जन्माची.

आपण सगळेच दिवसातून चारदा भाषा बदलतो. अकोल्याहून पुण्यात शिकायला आलेली मुलगी वसतिगृहातल्या मैत्रिणींशी ‘मला उशीर होईल’ म्हणते, आणि रात्री फोनवर आईला म्हणते, ‘माय, मले याले उशीर होईन, तू जेवून घेजो.’ ही दोन चित्रं शेजारीशेजारी काढली की त्या मुलीबद्दल वेगळं काही सांगावं लागत नाही. पुढच्या चित्रात मैत्रिणींपैकी कोणी तिच्या ‘घेजो’ची नक्कल केली, तर गोष्ट सुरू झाली. आणि नक्कल करणाऱ्या मुलीच्या फुग्यातही तिचं पुणेरी ‘पायजे’ जसं आहे तसं लिहा. कारण पुण्याची बोलीही बोलीच आहे. ‘चिंटू’ १९९१ पासून मराठी घरांत आला, चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांनी तो घराघरात नेला. चिंटूच्या घरातली, जोशीकाकूंची मराठी ही शहरी मध्यमवर्गीय घरातली मराठी आहे, आणि त्या घराला ती शोभते. अडचण तेव्हा होते, जेव्हा त्या एका घराची मराठी हीच ‘बोलीविरहित’ मराठी आहे, असं आपण धरून चालतो.

कितपत बोली लिहावी, याचा हिशोबही सांगतो. फुगा लहान, वाचक मुलंही असतील. प्रत्येक शब्द उच्चाराप्रमाणे लिहिला तर वाचणं म्हणजे कसरत होते. व्याकरणाच्या दोन-तीन खुणा पक्क्या धरा, त्या कधी सोडू नका: ‘मले’ असेल तर शेवटपर्यंत ‘मले’च, मधेच ‘मला’ नको. नात्याचे आणि हाक मारायचे शब्द त्या भागातले घ्या. उच्चारातले बारीक फरक सोडून द्या, ते वाचक आपल्या मनात भरून काढतो. शब्दांच्या खाली तारांकित अर्थ देऊ नका. चित्र समोर आहे, अर्थ त्याच्याकडून घ्या. ‘झील’ म्हणजे मुलगा, हे आईने ज्याच्याकडे बघून म्हटलं त्याचं चित्र पाहून कळतं.

चेहऱ्यांचंही असंच आहे. व्यंगचित्र म्हणजे अतिशयोक्ती, ती वगळून हे काम होतच नाही. पण एका माणसाचं नाक मोठं करणं वेगळं आणि एका समाजाचं नाक मोठं करणं वेगळं. आर. के. लक्ष्मण यांनी सांगितलेली एक गोष्ट यासाठी महत्त्वाची आहे. सुरुवातीला ते आपल्या चित्रांत बंगाली, तमिळ, पंजाबी, मराठी असे वेगवेगळ्या प्रांतांचे लोक कोंबून काढत. रोजच्या वेळेच्या ताणात एकेक माणूस गळत गेला आणि शेवटी एकच उरला: चौकड्यांचा कोट, धोतर, चष्मा, टकलाभोवती पांढरे केस. हाच तो ‘कॉमन मॅन’. तो काहीच बोलत नाही. भारतातला सामान्य माणूस एकच काढायचा झाला तर त्याला भाषा कोणती द्यायची, हा प्रश्न त्या मौनाने मिटवला असं मला वाटतं. त्या मौनाची ताकद मोठी आहे. पण त्या एका माणसाच्या कपड्यांत सगळा देश मावत नाही, आणि सगळ्या स्त्रिया तर नाहीतच.

रंगाचा प्रश्न भारतीय चित्रकथेत फार जुना आहे. १९६७ साली अनंत पै यांनी सुरू केलेल्या ‘अमर चित्र कथा’वर आमच्या कितीतरी पिढ्या वाढल्या. तिच्या अंकांत नायक-नायिका बहुधा गोऱ्या, राम-कृष्ण निळे, आणि असुर मात्र काळपट, आडदांड असत. लहानपणी सावळ्या मुलाने ते अंक वाचले तेव्हा आपला रंग त्याला कोणाच्या अंगावर दिसला असेल? चित्रकाराने रंगपेटी उघडताना एवढं एकदा मनात आणावं. सावळेपणाच्या दहा छटा असतात. नायिकेला त्यातली एक द्या आणि त्याबद्दल कथेत एक शब्दही बोलू नका.

पण आदर म्हणजे पात्राला निर्दोष बनवणं नव्हे. एप्रिल १९६८ मध्ये मार्टिन लूथर किंग यांच्या हत्येनंतर हॅरिएट ग्लिकमन या शिक्षिकेने ‘पीनट्स’चे चार्ल्स शुल्झ यांना पत्र लिहून विनंती केली, की तुमच्या मुलांत एक कृष्णवर्णीय मूल असू द्या. आपण उपकार केल्यासारखं दिसेल अशी शुल्झना भीती होती. पत्रव्यवहार झाला, ग्लिकमनच्या कृष्णवर्णीय मित्रांनीही पत्रं लिहिली, आणि ३१ जुलै १९६८ रोजी फ्रँकलिन समुद्रकिनाऱ्यावर चार्ली ब्राउनचा चेंडू घेऊन अवतरला. तो इतरांसारखीच इंग्रजी बोलत होता, त्याला कसलाही ठरीव हेल दिलेला नव्हता. त्या काळात ते धाडस होतं. एकाच वर्गात त्याला गोऱ्या मुलांबरोबर बसवल्यावर तक्रारीही आल्या. तरी फ्रँकलिन बराच काळ फक्त चांगला मुलगा राहिला. लायनसला पांघरूण आहे, ल्यूसीचा खाष्टपणा आहे, चार्ली ब्राउनची कायमची हार आहे. फ्रँकलिनला खोड अशी नाही. चुकण्याच्या भीतीने त्याला कोरा ठेवला गेला. आपल्याकडे दलित, आदिवासी, अपंग पात्रं आणताना हेच होतं. ती सोसतात, समजूतदारपणे हसतात आणि पान उलटतं. त्यांना खोटं बोलू द्या, खेळात चिडू द्या, मित्राचा डबा पळवू द्या.

या सगळ्यात एक पुस्तक मला वाटाड्यासारखं वाटतं. ‘भीमायन’, २०११ साली नवयाना प्रकाशनाने काढलेलं. डॉ. आंबेडकरांनी आपल्या अस्पृश्यतेच्या अनुभवांच्या ज्या आठवणी लिहिल्या, त्यांवर ते बेतलेलं आहे. श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांचं लेखन, आणि चित्रं दुर्गाबाई व्याम व सुभाष व्याम या मध्य प्रदेशातल्या परधान गोंड चित्रकारांची. साताऱ्याहून वडिलांना भेटायला निघालेला लहान भीम, ओळख कळल्यावर कोणी गाडी न देणारे लोक, पाणी न मिळालेली रात्र, हे सगळं त्यात आहे. व्याम दांपत्याने पानांना चौकटी पाडायला नकार दिला. माणसांना डब्यांत कोंडायचं नाही, ही त्यांची भूमिका. घराच्या भिंतींवर आणि जमिनीवर काढतात त्या डिग्नाच्या नक्षीने त्यांनी पानं मोकळी विभागली.

त्यांनी फुग्यांचं जे केलं, त्यासाठी प्रत्येक चित्रकथाकाराने हे पुस्तक एकदा हातात घ्यावं. सौम्य बोलणाऱ्यांचे, जात सोसणाऱ्यांचे शब्द पक्ष्याच्या आकाराच्या फुग्यात येतात. जातीचा अहंकार बाळगणाऱ्यांच्या फुग्याला विंचवाची नांगी असते. कोणाचं व्याकरण मोडलेलं नाही, कोणाच्या तोंडी विकृत हेल घातलेला नाही. शब्द कोणत्या मनातून आले, हे आकार सांगतो. नांगी त्या भाषेला दिली जी डसते, मग ती कितीही शुद्ध असो. दिल्लीचं प्रकाशन, मध्य प्रदेशचे चित्रकार आणि मूळ कथा महाराष्ट्राची. हे काम मराठी चित्रकथेच्या घरात झालेलं नाही, याची मला खंत आहे.

आज साधनं हाताशी आहेत. डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्था यांनी मराठीच्या बोलींचं सर्वेक्षण केलं आहे. जिल्ह्याजिल्ह्यांतल्या माणसांच्या बोलण्याची ध्वनिमुद्रणं इंटरनेटवर कोणालाही ऐकता येतात. एका तालुक्याची मुद्रणं दोन-तीन संध्याकाळी ऐकलीत तर हेल कानात बसतो आणि ‘गावठी’ लिहिण्याची सवय मोडते. पण त्यावर थांबू नका. संवाद लिहून झाले की ते त्या बोलीच्या माणसाला मोठ्याने वाचायला द्या. स्वतः वाचून दाखवू नका, त्याला वाचू द्या. तो जिथे थबकेल, जिथे आपोआप शब्द बदलून वाचेल, तिथे तुमची चूक आहे. तो जिथे हसेल तिथे विचारा की का हसलात. कधी ते ओळखीचं हसू असेल, कधी अपमान गिळल्याचं. त्याने सुधारून दिलेले शब्द मुद्रितशोधकाने बदलू नयेत म्हणून पानावर लाल शाईने लिहून ठेवा. या कामाचे त्याला पैसे द्या, आणि त्याचं किंवा तिचं नाव पहिल्या पानावर, चित्रकाराच्या नावाशेजारी, त्याच आकाराच्या अक्षरात छापा.